वर आल्यानंतर

सोमवार, ७ तारीख

वहिनी,

अक्षर ओळखून तू हे न फोडताच फेकशील, म्हणून मुद्दाम पाकिटाच्या पाठीवर लिहिलं, ‘भिंगरीबद्दल आहे’. आता फोडलंच आहेस तर ऐक. तुझी लेक ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलेली नाही. ती इथे माझ्यासमोर बसली आहे.

घाबरू नकोस, ठणठणीत आहे. पाव खातेय आणि मी काय लिहितेय ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतेय. तिला सांगितलंय, बंदर कचेरीला अर्ज लिहितेय.

झालं असं, की कचेरीने नवीन नियम काढलाय. टाकी न लावता, नुसत्या श्वासावर बुडी मारून काम करणाऱ्यांनी कोर्स करायचा, सर्टिफिकेट आणायचं, नाहीतर पाण्यात पाय घालायचा नाही. मी! एकतीस वर्षं लोकांच्या बोटींच्या पंख्यातून दोऱ्या सोडवतेय, हरवलेले नांगर शोधून देतेय, आणि आता मला बुडी शिकवणार. साहेबाला म्हटलं, "मग माशांकडेही पोहण्याचं सर्टिफिकेट मागा." तो मान वर न करता म्हणाला, "माशांनी अर्ज केला तर मागू."

म्हणून आज सकाळी या शाळेत येऊन दाखल झाले. शाळा म्हणजे काय, समुद्राला लागून दोन खोल्या, मागे पोहण्याचा तलाव आणि पुढे एक लाकडी धक्का. नाव नोंदवायच्या टेबलाशी एक मुलगी पाठमोरी उभी होती. मानेवरचा भोवरा बघूनच मी ओळखलं. दादाचाच भोवरा. फॉर्म भरत होती. ‘जवळचे नातेवाईक’ या रकान्यात तिने माझं नाव लिहिलं होतं. तुझं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुला माहीत असलेलं बरं.

"आत्या, आईला सांगितलंस तर बघ," हे तिचं पहिलं वाक्य. शपथ घातली. मी घेतली. आणि दोन तासांत हे लिहायला बसले, आता बोल. पण तुझ्याशी कुणी खोटं बोलावं हे मला सहन होत नाही, पोटच्या पोरीने तर नाहीच.

ती कशाला आली ते ऐक. म्हणते, "मला तुझ्याबरोबर बोटीवर यायचंय. बाबांच्या जागी." मी म्हटलं, "तुझी आई मला कच्ची खाईल." तर म्हणते, "ती तशीही तुझ्याशी बोलत नाही, तुला काय फरक पडतो?" घे. आहे काही उत्तर?

तीन वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून हा कागद. दुपारच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा आहे. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी ती लाँड्री आहे ना, तिथे ठेवेल. तिला परत पाठवू की राहू देऊ, तेवढं कळव. तू म्हणशील तसं करेन.

एका बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला वहिनी म्हणायची सवय लागायला मला वर्ष लागलं होतं. आता मैत्रीण म्हणायची सोय उरली नाही, तेव्हा वहिनीच लिहिते.

तुझी नणंद


मंगळवार, ८ तारीख

वहिनी,

तुझं उत्तर येईल तेव्हा येईल, तोवर आजचं सांगते.

आमची मास्तरीण भिंगरीपेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी. सगळे मॅडम म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आवाज एवढासा, पण कुणी मध्ये बोललं की खडू खाली ठेवते आणि नुसती बघत बसते. वर्गात आम्ही पाच जण. एक दातांचा डॉक्टर आहे, अंगाने गरगरीत, हौस म्हणून आलाय. मला म्हणाला, "तुम्ही तर आमच्या गुरू." वाटलं, चला, एकाला तरी अक्कल आहे. अर्ध्या तासात माझी गुरुगिरी उतरली.

मॅडमनी विचारलं, बुडीच्या आधी श्वास कसा घेता? मी उठून दाखवला. आपल्या घरचा भाता. तुला ठाऊकच आहे, बाबांनी दादाला आणि मला सहा वर्षांचे असल्यापासून शिकवलेला. लोहाराच्या भात्यासारखे वीस दणकट श्वास आत-बाहेर, डोकं हलकं झालं की बुडी. ‘जेवलीस का’ याच्याइतकं ‘भाता मारलास का’ हे आमच्या घरात विचारलं जायचं. मी ऐटीत वीस मारले. टाळ्या पडतील अशी अपेक्षा होती.

मॅडम म्हणाल्या, "हे परत करायचं नाही. कधीच."

म्हणे भात्याने छातीत जास्त हवा साठत नाही. श्वास कोंडल्यावर जी तगमग होते, ती ताजी हवा संपल्याची नसते, वापरलेली हवा साचल्याची असते. तीच शरीराची घंटा. वर चल, श्वास घे. भाता मारून आपण ती वापरलेली हवा आधीच फुंकून टाकतो. मग घंटा वाजतच नाही. माणसाला छान वाटत राहतं आणि एकदम शुद्ध जाते.

मी भांडले. गप्प बसणारी का मी! म्हटलं, "आमच्या बाबांनी चाळीस वर्षं भाता मारला आणि म्हातारे होऊन अंथरुणात गेले." त्या म्हणाल्या, "नशीब चांगलं होतं. घरात आणखी कुणाला कधी काही झालं होतं?"

मी म्हटलं, "नाही."

भिंगरी म्हणाली, "माझे बाबा गेले. पण ते खाली दोरीत अडकले होते. वर आलेच नाहीत." मॅडमनी सॉरी म्हटलं आणि पुढे काही विचारलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझ्या नखांकडे बघत होते.

त्यानंतर त्यांनी आणखी एक शिकवलं. बुडी मारणारा वर आला की जोडीदाराने तीस सेकंद त्याच्या तोंडावरून नजर काढायची नाही. वर आल्यावर घेतलेला श्वास डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस जातो. हसता हसता जातो, "मी बरा आहे" म्हणून जातो. बेशुद्ध होणारे बहुतेक तळाशी होत नाहीत, वर आल्यावर किंवा अगदी वर पोचताना होतात. मला एकदम खोकल्याची उबळ आली. बाहेर जाऊन नळाचं पाणी प्यायले. या खोल्यांमध्ये फार कोंदट होतं.

दुपारी तलावात तोंड खाली घालून नुसतं श्वास धरून पडायचं होतं. भात्याशिवाय माझी दीड मिनिटात दाणादाण. पोटात आचके यायला लागले. दातवाला दोन मिनिटं राहिला आणि वर मलाच धीर द्यायला आला, मेला. आणि तुझी लेक तीन मिनिटं दहा सेकंद. सगळ्यांनी वाहवा केली. मी केली नाही, कारण पाण्यात उतरायच्या आधी कपडे बदलायच्या खोलीमागे तिचे खांदे वरखाली होताना मी पाहिले होते. भाता मारत होती. शिकवणार कोण, दादाच.

मी मॅडमना सांगितलंय. त्या लक्ष ठेवतील. तू काळजी करू नकोस.

तुझी नणंद


गुरुवार, १० तारीख

वहिनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘पोरीला परत पाठव. तुझ्याकडून बाकी मला काहीही नको.’ तीन वर्षांनी दोन ओळी. वाचून मी धक्क्यावर बसून रडले आणि मग मला तुझा असा राग आला की काय सांगू.

पाठव म्हणजे? ती काय पार्सल आहे? तेवीस वर्षांची घोडी आहे. मी तिला म्हटलं, "आई बोलावतेय, चल, दुपारच्या बसमध्ये बसवते." तेव्हा तिला कळलं की मी शपथ मोडली. मग जी काही तोंडातोंडी झाली ती अख्ख्या शाळेने ऐकली. मला म्हणाली, "चहाडखोर." मी तिला म्हणाले, "खोटारडी." दातवाला दोघींच्या मध्ये पाण्याचा ग्लास धरून उभा. शेवटी तोच प्यायला.

भांडून भांडून दमलो तेव्हा ती खरं बोलली. ते तुला कळायला हवं. म्हणाली, "आत्या, बाबा का गेले? खाली अडकले आणि श्वास पुरला नाही म्हणून. त्यांना आणखी एक मिनिट मिळालं असतं तर ते सुटून वर आले असते. मला ते मिनिट कमवायचंय. म्हणून भाता मारते. मॅडमना काय माहीत, त्यांना कुठे दोरीत अडकायचंय? एकदा डोकं वर निघालं की झालं. मला भीती आहे ती खालची."

वहिनी, तिला तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण ती एवढ्या विश्वासाने बघत होती की मी म्हटलं, "बरं, केस पूस, सर्दी होईल."

आणि आणखी एक. परवा तुला लिहिलं की भात्याचं मॅडमना सांगितलंय. नाही सांगितलं. सांगायला दोनदा गेले. एकदा त्या फोनवर होत्या, आणि दुसऱ्यांदा नव्हत्या. सांगितलं असतं तर त्यांनी तिला बसवून विचारलं असतं, तिने परत बापाचं सांगितलं असतं, आणि त्या बाईने मला विचारलं असतं, तेव्हा बोटीवर वर कोण होतं? तिची नजर फार वाईट आहे. पोटातलं ओढून काढते.

का विचारलेलं नको होतं, ते तू विचारशील. विचारू नकोस.

उद्या समुद्रात उतरायचंय. बोयाला बांधलेला दोर सरळ खाली सोडलेला असतो, त्याला धरून एकाने खाली जायचं, दुसऱ्याने वर राहून लक्ष ठेवायचं. मॅडमनी जोड्या लावल्या. भिंगरीची जोडीदार मी. म्हणाल्या, घरचं माणूस जास्त जपतं.

मी उद्या सकाळी सांगेन मॅडमना. भात्याचं तरी नक्की.

तुझी नणंद


शुक्रवार, ११ तारीख

वहिनी,

आधी हे. भिंगरी जिवंत आहे. आत झोपलीय, डॉक्टर तपासून गेले, छाती स्वच्छ आहे. दातवाला नव्हे, खरा डॉक्टर. आता पुढचं वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

सकाळी मी मॅडमना सांगितलं नाही. त्या बोटीत दोर तपासत होत्या, म्हटलं नंतर सांगू. जित्याची खोड.

भिंगरीचा नंबर तिसरा. बोयाला धरून, तोंड पाण्यात घालून, नळीने श्वास घेत ती पडली होती. मॅडम पलीकडच्या बाजूला होत्या, त्यांना फक्त तिचं डोकं दिसत होतं. मला तिची पाठ दिसत होती. वरखाली, वरखाली. मी मोजले, वहिनी. एकोणीस. वीस. ‘थांब’ म्हणायला तोंड उघडलं तोवर तिचे पाय वर आले आणि ती गेली.

बारा मीटर. खाली जाऊन यायचं, थांबायचं नाही, असं बजावलं होतं. ती थांबली. दोर हाताला लागत होता, त्यातून कळत होतं की ती तळाशी आहे आणि हलत नाही. तिचं ते मिनिट कमवत होती. मी वरून बघत होते. मग दोर हलला. ती आली, भसकन बाहेर आली, नळी काढली, मोठा श्वास घेतला आणि हसली. म्हणाली, "आत्या, झालं!"

आणि माझी मान फिरली. दोर गोळा करायला. मी ठरवून फिरवली नाही. एकतीस वर्षं जे करत आले तेच मानेने केलं.

पलीकडून मॅडमचा आवाज आला. ओरडल्यासुद्धा नाहीत. "कुठे बघताय? मोजा."

मी वळले. एक, दोन, तीन. हसत होती. पाच, सहा. ओठ जांभळे दिसले. आठ. डोळे उघडे होते पण त्यांत ती नव्हती. नऊला हनुवटी पाण्यात गेली. कसला आवाज नाही, धडपड नाही. गुपचूप खाली सरकायला लागली. मी नसते बघत तर मला काही ऐकूही आलं नसतं.

शिकवल्याप्रमाणे केलं. एक हात हनुवटीखाली, एक मानेमागे, तोंड पाण्याबाहेर. मास्क ओढून काढला. डोळ्यांवर फुंकर मारली, गालावर चापट्या मारल्या, ओरडले, "भिंगरे, श्वास घे! श्वास घे गं!" मॅडम येऊन तिला खालून आधार देत होत्या. पाच-सहा सेकंद असतील. मला विचारशील तर माझं उरलेलं आयुष्य तेवढ्यात संपलं. मग तिने घुसमटून श्वास घेतला, खोकली आणि म्हणाली, "काय झालं? ओरडतेस कशाला?"

तिला काही कळलंच नव्हतं. हेच मला मारून गेलं. तिला वाटत होतं ती अजून हसतेच आहे.

बोटीत तिला टॉवेलात गुंडाळलं. मॅडमनी विचारलं, आधी किती श्वास घेतलेस? ती म्हणाली, वीस. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंगरी रडत रडत म्हणाली, "पण मी तर वर आले होते. वर आल्यावर कसं होईल? बाबा तर खाली गेले."

मी म्हटलं, "तो वर आला होता."

वहिनी, दादा वर आला होता.

चौथी बुडी होती. पंख्यात जाड नायलॉनची दोरी बसली होती, तीन बुड्यांत अर्धीच कापली गेली. प्रत्येक बुडीआधी त्याने वीस भाते मारले. मी मोजून दिले, मोठमोठ्याने, चेष्टा करत. चौथीला तो नेहमीपेक्षा खूप जास्त राहिला. वर आला. डावा हात बोटीच्या कडेवर टाकला, दात दाखवले आणि म्हणाला, "सुटली!" दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "शाब्बास रे," आणि पाठ केली. दोरी ओढायला. आमच्यात रीतच ती, डोकं वर निघालं म्हणजे काम संपलं. दोरी लांब होती. ओढता ओढता मी बडबडत होते. उशीर झाला म्हणून तू आज त्याची कशी हजेरी घेशील, त्याची नक्कल करत होते. तुझ्या आवाजात. तो हसला नाही म्हणून वळले. कडेवर हात नव्हता.

किती वेळ माझी पाठ होती? एक मिनिट, दोन मिनिटं. मला माहीत नाही. मी लगेच उडी मारली. खाली गढूळ पाणी, काही दिसेना. मिळाला तेव्हा कापलेल्या दोरीच्या भेंडोळ्यातच होता, म्हणून सगळ्यांनी धरलं की अडकला. मी कुणाचा गैरसमज काढला नाही. काढायचा होता तेव्हा तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तू वर होतीस ना? तुला कळलं कसं नाही?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "तो वर आलाच नाही, तर मी काय करणार?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. मग तेच कचेरीच्या कागदावर गेलं, माझी सही झाली, आणि ते खरं झालं.

तो असा का गेला, ते मलाही कळत नव्हतं. वाटायचं हृदय बंद पडलं असेल, हात निसटला असेल. मंगळवारी वर्गात कळलं. खोकला-बिकला काही नव्हता. मी नळाशी पळाले ती तोंड लपवायला. त्याच दिवशी तुला लिहायला हवं होतं. नाही लिहिलं, कारण मी भित्री आहे.

तीन वर्षं तू डोळे मिटलेस की तुला तो खाली अंधारात एकटा, सुटायला धडपडताना दिसत असेल. मला माहीत आहे, कारण भिंगरीलाही तेच दिसतं. ते मी तुमच्या डोळ्यांत घातलं. तसं नव्हतं गं. उजेडात होता, खूश होता, त्याला काही दुखलं नाही. आणि माझी मान वळली नसती तर तो आज घरी असता. आणि त्या खोट्यापायी आज तुझी लेकही गेली असती, कारण वर आल्यावर भ्यायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगणारी मी होते.

भिंगरीने तीनदा विचारलं, "बाबा वर आले होते?" तिन्ही वेळा मी हो म्हटलं. मग तिने टॉवेल डोक्यावरून घेतला आणि धक्का येईपर्यंत तो काढला नाही. दातवाला पाण्याकडे बघत होता. बोटीतून उतरताना मी हात दिला, तो तिने घेतला नाही.

हे पत्र दुपारच्या बसने येतंय. तुला आजच मिळेल.

मी


रविवार, १३ तारीख

वहिनी,

काल संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसबाहेरच्या पायरीवर बसले होते. दार उघडंच होतं. मी उठून जायला हवं होतं, पण माझ्याने हललं गेलं नाही. भिंगरीचं बोलणं कानावर पडत होतं, तुझं नाही. "हो आई, वर आले होते," म्हणाली.  मग, "मला माहीत नाही. तिलाच विचार." मग दोघी रडत असाव्यात. तासभर चाललं. टेबलामागे बसलेला कारकून बिचारा दोनदा बाहेर येऊन उभा राहिला आणि परत आत गेला.

ते सांगण्याआधी बाकीचं कळवते, नाहीतर राहून जाईल.

मॅडमनी मला सर्टिफिकेट दिलं नाही. म्हणाल्या, "वाचवलंत व्यवस्थित, पण मी बोलले नसते तर वाचवायला तुम्ही वळला नसता. आणि भाता मोजत बसलात, मला सांगितलं नाहीत. पुढच्या महिन्यात परत या." मी भांडले नाही. पहिल्यांदाच असेल. भिंगरीलाही त्यांनी सध्या पाण्यात उतरायला बंदी केलीय, आणि पुढे यायचं तर भाता न मारता पहिल्यापासून शिकायचं. तिने मान हलवली.

बंदर कचेरीसाठी नवा जबाब लिहिलाय. खरा. उद्या सकाळी साहेबाच्या टेबलावर ठेवते. ते काय करायचं ते करतील. बोट काढून घेतील, काम बंद करतील, मला चालेल.

भिंगरी माझ्याशी बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलते. आज सकाळी बॅग भरता भरता माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या महिन्यात मी येणार आहे. तू पण ये. जोडीदार तूच राहशील." मी म्हटलं, "अगं, मी कशाला? मॅडम दुसरं कुणी देतील की." तर म्हणाली, "तुझ्याइतकं घाबरणारं दुसरं कुणी कुठून आणू?" आणि चेन ओढली. माफ वगैरे काही केलेलं नाही, हे मला स्वच्छ कळलं. मी मागितलीही नाही. तुझ्याकडेही मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

आता फोनचं. शेवटी भिंगरी बाहेर आली, डोळे सुजलेले, आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आईला तुझ्याशी बोलायचंय." मी हात पुढे केला नाही, तेव्हा तिनेच तो माझ्या कानाला लावला. तुझा श्वास ऐकू आला. तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकणार म्हणून मी देवाचं नाव घ्यायचंही विसरले. मला वाटलं, शिव्या देशील. दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "तिला ते शिकायचंय. मी अडवणार नाही. पण या खेपेला पाठ फिरवलीस तर याद राख." आणि ठेवलास.

मी उत्तर दिलं नाही म्हणून तू काय समजलीस कोण जाणे.  एवढी तोंडाळ बाई, आणि एक शब्द निघेना. म्हणून लिहून देते, सही करून देते, हवं तर कपाटात जपून ठेव.

नाही फिरवणार.